प्रदर्शनाचा पहिला दिवस

मुंबईतील एका चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनास आम्ही गेलो होतो. अध्यक्षांचे भाषण, पुष्पगुच्छ, चहा व छायाचित्रे हे सर्व यथासांग पार पडले. घरी परतल्यावर कोणीसे विचारले, "चित्रे कशी होती?" तेव्हा आमच्या ध्यानात आले की, तेथे बहुतेक वेळ आम्ही चित्रांकडे पाठ करूनच उभे होतो. कोण आले आणि कोण आले नाही, एवढेच आम्ही पाहिले होते. कलेच्या समारंभांविषयी आज पुष्कळ सुशिक्षितांस वीट आला आहे. त्याचे खापर दुसऱ्यांच्या दांभिकपणावर फोडणे सोपे आहे. परंतु त्या गर्दीत आपणही होतो, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

हा प्रकार आजचाच आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. फ्रेंच भाषेत उद्घाटनाच्या समारंभास 'व्हर्निसाज' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ रोगण लावणे. प्रदर्शनाची दारे उघडण्यापूर्वी चित्रकार तेथे येऊन आपल्या चित्रांवर रोगणाचा शेवटचा हात फिरवीत. लंडनच्या रॉयल अकॅडमीने १८०९ साली आपल्या सभासदांस असे दिवस नेमून दिले, आणि टर्नरसारखा थोर चित्रकार भिंतीवर टांगलेल्या चित्रात त्या दिवसांत रंग भरीत असे. म्हणजे तो दिवस कामाचा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात निमंत्रितांची रीघ लागली, कुंचला मागे पडला आणि शब्द तेवढा उरला.

आमच्याकडे बाँबे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. परंतु साहेबी रिवाजास दोष देऊन आमची सुटका होत नाही. कारण नाटक तर आमच्या घरचेच. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले व बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. वरच्या दर्जाचे तिकीट शंभर रुपयांचे होते. इतक्या मोलाची खुर्ची केवळ गाणे ऐकण्यासाठी घेतली जात नाही. तीत आपण बसलेले दिसावे, हाही हेतू असतो. तरीही पैसा राष्ट्रकार्यास मिळाला, हे विसरून चालणार नाही. याच 'मानापमाना'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीही ते भामिनीची भूमिका करण्यास उभे राहिले. पडद्यापलीकडच्या माणसाने त्या दिवशी काय सोसले, हे तिकिटावर लिहिलेले नसते.

समारंभाचा याहून जुना असा एक अर्थ आमच्या परंपरेत होता. तो समजण्यास मुंबई सोडून परभणी जिल्ह्यातील वालूरास जावे लागेल. सेलू तालुक्यातील या गावी एक चक्राकार बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ न जाता वळत वळत पाण्याकडे उतरतात. मराठवाड्यातील अनेक बारवा यादवकालीन मानल्या जातात. विहीर किंवा तलाव बांधून झाल्यावर करावयाचा 'उत्सर्ग' नावाचा विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. त्यात बांधणारा पाण्यावरील आपले स्वामित्व सोडून ते सर्व प्राणिमात्रांस अर्पण करतो. हेही एक उद्घाटनच. पण त्यात यजमानाने मिरवावयाचे नसून सोडावयाचे असते. या 'सर्व' शब्दातून कित्येकांस वगळले गेले होते, हे १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहाने जगापुढे मांडले. तेव्हा जुने ते सारे निर्मळ होते, असा भ्रम आम्ही बाळगीत नाही.

नळ आले, विद्युत्पंप आले, तशा गावोगावच्या बारवा विस्मृतीत गेल्या. वालूरची बारवही गाळाने व कचऱ्याने भरली होती. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. आता महाशिवरात्रीस महाराष्ट्रातील अनेक बारवांत दिवे लागतात आणि त्यांची छायाचित्रे दूरवर जातात. यात देखावा नाही असे कोण म्हणेल? परंतु ज्याने त्या पायरीवरचा चिखल उपसला आहे, त्याने तेथे पणती ठेवून छायाचित्र काढले, तर त्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. रोगण लावणारा चित्रकार आणि गाळ काढणारा गावकरी हे एकाच पंक्तीचे होत. आम्ही मात्र दोन्हीकडे नुसते निमंत्रित.

हा विचार मनास लागून राहिला म्हणून त्या प्रदर्शनास आम्ही चौथ्या दिवशी भर दुपारी पुन्हा गेलो. दालनात पहारेकरी आणि चित्रकार, एवढे दोघेच होते. एका लहानशा चित्रापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. निघताना चित्रकाराने विचारले, "आपण उद्घाटनास आला होता ना?" होकार देण्यास आम्हांस किंचित संकोच वाटला.