उस्ताद घरचा, खुर्ची पाहुण्याची

बुऱ्हाणपूर असो की कोल्हापूर, पैलवानाने लंगोट खुंटीला टांगला की तो त्याच आखाड्यात उस्ताद होऊन बसतो. गोव्याच्या फुटबॉलमध्येही बराच काळ हीच रीत होती. स्पेनमध्ये ती आजही जोरात आहे. गिजॉनकडून आघाडीला खेळू लागलेला लुईस एन्रिके पुढे बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला आणि २०१५ मध्ये एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकून बसला. गंमत म्हणजे याच स्पेनचे प्रशिक्षक गोव्यात आले, तेव्हा इथल्या उस्तादांना बाजूच्या खुर्चीवर सरकावं लागलं.

गोव्यात हा खेळ रुजवला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्र्याने, १८८३ मध्ये शिवोलीत. पुढे खाणमालकांनी त्याला पैसा पुरवला. १९५६ मध्ये साळगावकर क्लब उभा राहिला, १९६८ मध्ये डेंपो.

या क्लबांचे प्रशिक्षक बहुधा गावातलेच. आर्मांदो कोलासो यांनी डेंपोला २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. साळगावकरच्या बचावफळीत घडलेले डेरिक परेरा मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेले आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली. साळगावकरचेच साव्हियो मेदेरा २०११ मध्ये कोलासोंच्या पाठोपाठ भारताचे प्रशिक्षक झाले. त्या डिसेंबरात दिल्लीत भारताने अफगाणिस्तानला ४-० ने हरवून सॅफ करंडक घेतला. घरच्या माणसाला जमत नाही, असं म्हणायला तेव्हा तरी कुणाला तोंड नव्हतं.

मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, टीव्ही आला, आणि मुख्य प्रशिक्षक परदेशीच हवा हा समजही आला. एफसी गोवाने ब्राझीलच्या झिकोपासून सुरुवात केली. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतलं. त्यासरशी स्थानिक प्रशिक्षकांच्या तीन मोठ्या जागा गेल्या. या गोष्टीची म्हणावी तेवढी चर्चा कधी झाली नाही.

२०१७ मध्ये एफसी गोवाकडे स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. ते बार्सिलोनाच्या युवा संघांतून प्रशिक्षक म्हणून वर आलेले. त्यांच्या संघातला स्पॅनिश आघाडीपटू फेरान कोरोमिनास, म्हणजे फातोर्ड्याच्या मैदानाचा लाडका 'कोरो', याने पहिल्या दोन हंगामांत १८ आणि १६ गोल ठोकले. खेळ देखणा होता, हे मान्यच करायला हवं.

लोबेरांच्या हाताखाली मडगावचा क्लिफर्ड मिरांडा होता. तो डेंपोच्या सुवर्णकाळातला, मधल्या फळीतून डाव्या बाजूने घुसणारा खेळाडू. ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरांना काढलं, तेव्हा साखळीतले तीन सामने उरले होते आणि संघ क्लिफर्डच्या हाती आला. हैदराबाद ४-१, मुंबई सिटी ५-२, जमशेदपूर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने मात्र दोन सामने मिळून ६-५ अशी वाट अडवली.

बक्षीस काय मिळालं? पुढच्या हंगामात हुआन फेरांदो आले, तेही स्पॅनिश. डिसेंबर २०२१ मध्ये ते हंगामाच्या मधेच निघून गेले, तेव्हा डेरिक परेरांना बोलावणं आलं. हंगाम सरला आणि कार्लोस पेन्या आले, पुन्हा स्पेनमधूनच.

क्लिफर्ड ओडिशाला गेला. तिथेही मुख्य प्रशिक्षक स्पॅनिशच, होसेप गोम्बाऊ. ते गेल्यावर पुन्हा हंगामी जबाबदारी आली, आणि २५ एप्रिल २०२३ रोजी कोळिकोडला ओडिशाने बंगळुरूला २-१ ने हरवून सुपर कप उचलला.

भारतीय संघाचंही असंच चाललं होतं. मेदेरांनंतर परदेशी प्रशिक्षकांची रांगच लागली. शेवटचे मानोलो मार्केझ, हेही स्पॅनिश, काही काळ गोवा आणि भारत असे दोन्ही संघ एकदम सांभाळत होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांच्या जागी खालिद जमील यांची नेमणूक झाली. महिंद्र युनायटेडकडून खेळलेल्या जमील यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. मेदेरांनंतर भारतीय प्रशिक्षकाला ही खुर्ची मिळायला तेरा वर्षं लागली.