आजीची लक्ष्मी

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी देवघराशेजारी लक्ष्मीची तसबीर आहे. चित्र राजा रविवर्म्याचं, छापील. पण देवीची साडी खऱ्या रेशमाची, काठ जरीचा, दागिने मणी-टिकल्यांचे. हे सगळं आजीने हाताने केलेलं. त्या काळी अनेक घरांतल्या बायका अशा तसबिरी सजवत.

ही चित्रं घरोघर गेली, त्यात बडोद्याचाही वाटा आहे. इथले माजी दिवाण टी. माधवराव, मूळचे तंजावरी मराठी. त्यांनी १८८४ मध्ये रविवर्म्याला चित्रांच्या छापील प्रती काढायला सुचवलं. पुढे सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून १४ पौराणिक चित्रं करवून घेतली. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, नंतर तो मळवलीला गेला.

आता मूळ गोष्ट. गेल्या दिवाळीत एका दुकानात कापडी पिशव्यांवर आमची लक्ष्मी दिसली! आजीची जर, आजीच्या टिकल्या, जशाच्या तशा. मीच हौसेने नातेवाइकांना पाठवलेला फोटो फिरत फिरत तिथे पोचला होता. दुकानदार म्हणाला, "रविवर्म्याचं चित्र तर सगळ्यांचंच की!"

ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, चित्रापुरतं त्याचं खरं आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, म्हणजे ते चित्र केव्हाच खुलं झालं. पण आजीचं काम स्वतंत्र कलाकृती ठरलं, तर हक्क तिच्या वारसांकडे. आजी १९६८ मध्ये गेली, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. आणि 'फेअर यूज' हा शब्द अमेरिकेतला. आपल्याकडे कलम ५२ खाली खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी अशा कामांना सूट आहे. पिशव्या विकणं त्यात बसवणं अवघड.

यावर आत्याने मलाच विचारलं, "अरे, मग आईने तरी कुणाची परवानगी घेतली होती?" प्रश्न बरोबरच होता. पण आजीने विकत घेतलेल्या एका प्रतीवर टाके घातले, दुसरी प्रत काढली नाही. पिशवीवाल्याने नुसती नक्कल केली.

तरी त्याच्याशी भांडायला गेलो तेव्हा माझीच जीभ अडखळली. आम्हीही आलेल्या-गेलेल्याला "हे रविवर्म्याचं चित्र" असंच सांगत आलो होतो. आजीचं नाव तसबिरीवर कुठेच नव्हतं. त्याला कसं कळावं? पैसे मागितले नाहीत. उरलेल्या पिशव्यांवर तिच्या नावाची चिठ्ठी लावायला तो कबूल झाला.

त्याच संध्याकाळी तसबिरीच्या मागे पेन्सिलीने आजीचं नाव लिहिलं. साल मात्र आत्यालाही आठवेना. तुमच्याकडे अशी तसबीर असेल तर घरातली जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या, आणि मागे लिहून ठेवा.