सिग्नल पडला!

डोळे उघडतोस तेव्हा १९५२ चा आषाढ असतो. पाटीवर ‘दौंड’ नाही, ‘धोंड’. रात्रभर शिरूरहून बैलगाडीत आल्याने अंग आंबलेलं. चार वर्षांपूर्वी एसटीची पहिली गाडी शिरूरवरूनच नगरला गेली, पण रूळ काही तुमच्या गावाला शिवले नाहीत. (आजही नाहीत.) पंढरीची स्पेशल गाठायची तर भीमाकाठी यावंच लागतं. पंढरीची म्हणायची एवढंच. कुर्डुवाडीला उतरून पुन्हा बार्शी लाईट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यांत घुसायचंय.

रूळ रिकामा, फलाटावर माणसं मात्र मावत नाहीत. शेजारची आजी विचारते, “पोरा, पुलाकडं धूर दिसतुया. मग गाडी थांबली का रं?”

उत्तर सिग्नलच्या केबिनमध्ये आहे. भविष्यातून आलेल्याला तिथं कोण अडवणार? चढ जिना.

समोर लोखंडी दांड्यांची रांग: लाल सिग्नलचे, काळे रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे, निळे त्या सांध्यांच्या कुलपांचे. मनमाडची आणि पुण्याची, दोन्ही लाईनी पश्चिमेकडूनच स्टेशनात शिरतात. आत्ता मार्ग पुण्याच्या गाडीसाठी लावलेला आहे आणि तो मनमाडकडून येणाऱ्या स्पेशलची वाट छेदतो. मनमाडकडचा लाल दांडा ओढून बघ. लोंबकळलास तरी हलणार नाही. खालच्या पट्ट्या एकमेकींत अडकल्यात. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून हे यंत्र घडवलंय. मला त्यातला हा अविश्वासच फार आवडतो.

पुण्याची गाडी आत येऊन विसावते. केबिनमन टाचा रोवतो, काळा दांडा खेचतो. दूरवर सांधा सरकतो. तो नीट बसला तरच निळा दांडा येतो, आणि निळा आला तरच लाल सुटतो. तार ताणली जाते. खांबावरचा आडवा हात खाली झुकतो. समजा तार तुटलीच, तर खांबावरचं वजन तो हात पुन्हा आडवा करतं. बिघाडाचा अर्थसुद्धा ‘थांब’ एवढाच.

“सिग्नल पडला!” फलाटभर एकच ओरडा. इंजिन दिसण्याआधीच गाठोडी डोक्यावर जातात.

स्पेशल शिरते. ड्रायव्हर वेताचं कडं खाली देतो. कड्याच्या पिशवीत पोलादी गोळा आहे, मागच्या एकेरी रुळाचा परवाना. तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा ना इथून निघेल, ना पलीकडच्या स्टेशनातून.

आजी तुझं मनगट धरते. “चल रं, जागा धर.” तिच्या डोक्यावरच्या तुळशीमागं, लांब, सिग्नलचा हात पुन्हा आडवा झालेला असतो.