समासातील मातृभाषा

सेमिनरीत ग्रीक नवा करार शिकताना कठीण शब्दांच्या डोक्यावर आम्ही पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून ठेवीत असू आणि परीक्षा संपली की ते खोडून टाकीत असू. अशा टिपांना काही मोल असेल, असे तेव्हा वाटले नव्हते. पुढे आयर्लंडचा धर्मेतिहास वाचताना कळले की, विद्यापीठांतील केल्टिक भाषांच्या अभ्यासाचा पाया अशाच टिपांनी घातला आहे.

सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवासी सुवार्ता घेऊन युरोप खंडात आले. संत कोलंबन यांनी इटलीत बोब्बिओ येथे मठ स्थापन केला. त्यांचे सहकारी संत गॉल यांच्या नावाचा मठ स्वित्झर्लंडमध्ये उभा राहिला. त्या परंपरेतील लेखनिकांनी लॅटिन ग्रंथांच्या ओळींमध्ये व समासांत मातृभाषेत अर्थ टिपून ठेवले. वुर्झबर्ग येथील संत पौलाची पत्रे, मिलान येथील स्तोत्रांवरील भाष्य आणि सेंट गॉल येथील प्रिस्कियनचे व्याकरण ही आठव्या-नवव्या शतकांतील हस्तलिखिते त्यांत प्रमुख होत. आयर्लंडमध्ये जुन्या ग्रंथांच्या नकला करताना पुढील पिढ्यांनी भाषा बदलत नेली. परदेशी ग्रंथालयांत मात्र टिपांची भाषा मूळ रूपातच राहिली.

योहान कास्पर झॉइस या बव्हेरियातील कॅथलिक अध्यापकाने त्या टिपा अक्षरशः उकलल्या. 1853 साली त्याचे 'ग्रामाटिका केल्टिका' हे लॅटिन व्याकरण प्रसिद्ध झाले आणि केल्टिक भाषांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप आले. तीनच वर्षांनी झॉइस निवर्तला. आपला 'देव' आणि प्राचीन आयरिश 'दीअ', आपला 'राजा' आणि तिकडचा 'री' हे एकाच कुळातील शब्द होत! ऑक्सफर्डला 1877 साली व एडिंबरोला 1882 साली केल्टिकचे अध्यासन निर्माण झाले. व्हिटली स्टोक्स हा आयरिश पंडित तर हिंदुस्थानात सरकारी कायदेतज्ज्ञ म्हणून काम करता करता हाच अभ्यास करीत होता.

परंतु पंडितांकडे मान वाढत असताना मायदेशी ती भाषा ओसरत होती. 1845 पासूनच्या भीषण दुष्काळात आयरिश बोलणारी असंख्य गोरगरीब माणसे मेली वा परदेशी गेली. 1908 साली राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा प्रवेशासाठी आयरिश सक्तीची असावी की नाही, यावर वाद पेटला. मेनूथ सेमिनरीतील आयरिशचे प्राध्यापक फादर मायकल ओहिकी यांनी सक्तीची बाजू घेतली आणि विरोध करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांवर कठोर शब्दांत टीका केली. 1909 साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. रोमला केलेली दादही व्यर्थ गेली. 1913 पासून मात्र त्या विद्यापीठात आयरिश सक्तीची झाली.

धर्मगुरू म्हणून हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. पण इतिहास झाकून चालत नाही. ओहिकींची भाषा तिखट होती, हे खरे; तथापि, ज्या भाषेत मठवासीयांनी संत पौल समजून घेतला, तिला ज्ञानमंदिराच्या दाराशी उभे ठेवू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. आमची खोडलेली पाने आज आम्हांला आठवतात.