शेणाचं गोकुळ

दिवाळीत पुण्या-साताऱ्याकडची मुलं मातीचे किल्ले करण्यात गुंतलेली असतात, तेव्हा मराठवाड्याच्या अंगणांत दुसरंच एक गाव वसत असतं. ते शेणाचं असतं आणि बहुतेक ठिकाणी बायकाच ते वसवतात. धाराशिव, बीड, लातूर या जिल्ह्यांत त्याला नुसतं ‘गवळणी’ म्हणतात.

कुठे वसुबारसेला सुरुवात होते, कुठे धनत्रयोदशीला. पहाटे सडा घालायचा, रांगोळी काढायची, ताजं शेण मळून वीतभरही उंच नसलेल्या बाया घडवायच्या. एकीच्या डोक्यावर दुधाची घागर, एकीच्या कडेवर पोर, एक जात्यावर बसलेली, एक ताक घुसळणारी. भोवती वाडा आणि गुरं. सगळ्यांवर हळदी-कुंकू वाहून झेंडूची फुलं खोवायची. पाडव्याला शेणाचेच पाच पांडव येतात. बळिप्रतिपदेचा दिवस असल्याने बळीचीही आठवण निघते. संध्याकाळी लव्हाळ्याच्या दिवट्या घेऊन पोरं गुरांना ओवाळतात. म्हणजे अंगणात शेणाची गाय आणि गोठ्यात खरी, दोघींचा मान एकाच सणात.

या सगळ्यांत हमखास सापडणारा गडी म्हणजे पेंद्या. भागवतात कृष्णाचे सवंगडी आहेत, पण हा लंगडा, भोळा पेंद्या मराठी माणसांचा आहे. काल्याच्या कीर्तनात तो असतो, तमाशाच्या गवळणीत मावशीबरोबर तो असतो आणि शेणाच्या वाड्यापाशीही असतो. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या गवळणी मराठवाड्याच्या भजनांत अजून गायल्या जातात. त्याच्याही कितीतरी आधी, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाहा सत्तसई’ या प्राकृत काव्यसंग्रहात राधा, कृष्ण आणि गोपी येतात. गोकुळ यमुनेकाठचं खरं, पण गोदावरीच्या खोऱ्याने त्याला फार जुन्या काळी आपलंसं केलं.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावाला हे गोकुळ परकं वाटायचं कारणच नाही. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, शेती बरीचशी कोरडवाहू. घर तगतं ते दुभत्यावर. दूध आटवून खवा करण्याच्या भट्ट्या हीच या तालुक्याची ओळख. इथल्याच कुंथलगिरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिथे पहाट धारेने उजाडते, तिथली बाई घागर घेतलेली गवळण घडवते तेव्हा ती पुराणातलं चित्र आठवत नसते, स्वतःचाच दिवस मांडत असते. या मांडणीचं खरं मोल इथे आहे.

या मांडणीचं वय मात्र सांगता येत नाही, कारण शेण मागे काही ठेवत नाही. वाळलं की त्याची गोवरी होते आणि गोवरी चुलीत जाते. माती थोडी अधिक टिकते. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी, न भाजलेल्या मातीची एक डबी सापडली. डबीत एक स्त्रीमूर्ती होती आणि डबीवर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैल. धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरला, म्हणजे प्राचीन तगर नगरात, सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या अशा वस्तू तिथल्या संग्रहालयात पाहता येतात. गवळणींचा वंश थेट तिथवर नेणं चुकीचं ठरेल. पण बाई, बैल आणि ओली माती यांचा या भूमीवरचा सहवास किती जुना आहे, हे त्यांवरून कळतं.

आपल्या जगण्याची छोटी प्रतिकृती करून तिच्यात देव बसवावा, ही ओढ इतरत्रही दिसते. इटलीत ग्रेचो इथे संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये खरा बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा मांडला. गोव्यात नाताळला घरोघरी मांडला जाणारा गोठा त्याच परंपरेतला. यमुनेकाठच्या ब्रजात पाडव्याला शेणाचाच गोवर्धन पर्वत करतात. फरक इतकाच, की नाताळच्या मूर्ती पेटीत ठेवून पुढच्या वर्षी काढता येतात. गवळणी दरवर्षी नव्याने घडवाव्या लागतात. म्हणून ही कला वस्तूंत नाही, हातांत साठलेली आहे.

ते हात आता कमी होत आहेत. अंगणं सिमेंटची झाली, बैलांची कामं ट्रॅक्टरकडे गेली, आणि साखर कारखान्यांचे बॉयलर दिवाळीच्या सुमारास पेटतात तेव्हा या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघालेली असतात. किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. गवळणींच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. हा अन्याय आहे. बायकांनी, अंगणात, शेणाने केलेलं काम म्हणून आपण त्याला कलाच मानलं नाही.

येत्या दिवाळीत भूम, वाशी, परंड्याकडे ज्यांची घरं आहेत त्यांनी एवढं करावं. आजीशेजारी बसून एक तरी गवळण स्वतःच्या हाताने घडवावी, प्रत्येक बाहुलीचं नाव आणि काम विचारून लिहून घ्यावं, मांडलेल्या अंगणाचं छायाचित्र काढावं. आणि गावच्या शाळेने किल्ल्यांबरोबर गवळणींचीही स्पर्धा ठेवावी.