महाराष्ट्रातलं तिबेट: नोर्ग्येलिंग कुठे आहे?

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत सुट्टी मोजूनमापून मिळते. लेहला जायचं तर उंचीची सवय व्हायलाच दोन दिवस जातात. मुलांना तिबेटी संस्कृती दाखवायची असेल, तर आपल्याच राज्यात एक जागा आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये वसली. (इथलं प्रतापगड साताऱ्याचं नव्हे, मॅप लावताना जपून!) गोंपा, प्रार्थनाध्वज, थुक्पा सगळं आहे, हिमशिखरं नाहीत. त्याऐवजी इटियाडोह धरण आणि नवेगावबांधचं जंगल. बर्फातून आलेल्या माणसांनी विदर्भाचं ऊन कसं सोसलं असेल, हा प्रश्न मुलं विचारतीलच.

कधी जावं? थंडीत नको. शहरांत स्वेटर विकणं हा इथल्या अनेक कुटुंबांचा व्यवसाय, त्यामुळे हिवाळ्यात बरीच घरं बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, येतं. त्या सुमारास वसाहत पुन्हा गजबजते.

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला जाते. सोबत परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील, तर वसाहतीत मुक्कामासाठी गृह मंत्रालयाची परवानगी आधीच काढावी लागते.