खेळाडूची किंमत आणि भट्टीवरची उचल

किलियन एम्बाप्पे अठरा वर्षांचा असताना, २०१७ मध्ये, मोनाको सोडून पॅरिसच्या क्लबात गेला. त्या व्यवहाराची रक्कम अठरा कोटी युरोपर्यंत ठरली होती. सात वर्षांनी, जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत त्याची गणना होत असताना, तो पॅरिस सोडून माद्रिदला गेला. तेव्हा पॅरिसच्या क्लबाला हस्तांतर-शुल्क म्हणून एक युरोही मिळाला नाही. त्याआधी २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीही बार्सिलोनातून असाच बिनशुल्क बाहेर पडला होता. दोघांचे करार संपलेले होते, एवढेच कारण. कसब तेच, किंबहुना एम्बाप्पेच्या बाबतीत वाढलेलेच, पण किंमत अठरा कोटींवरून शून्यावर आली. यातून एक गोष्ट निघते आणि ती फुटबॉलच्या बाजाराविषयी बोलताना सहसा कोणी स्पष्ट म्हणत नाही. हस्तांतर-शुल्क ही कौशल्याची किंमत नसते. खेळाडूला मनात येईल तेव्हा निघून जाता येत नाही, त्या अडकण्याची ती किंमत असते. कौशल्य फक्त तिचा आकडा वरखाली करते. हे समजायला युरोपपर्यंत जाण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत, माणूस एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना जुन्या मालकाला पैसे मोजण्याची रीत फार जुनी आहे. तिथे मैदान नव्हते. कोळशाची भट्टी होती आणि नंतर विटांची.

कातकरी समाजाचा या भागातला मूळचा धंदा काताचा. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या काढून त्या मडक्यांत उकळायच्या, रस गाळून आटवायचा आणि वड्या वाळवायच्या, हे त्यांचे पिढीजात कसब. समाजाचे नावही त्याच्याशीच जोडले जाते. हा धंदा जंगलावर उभा होता आणि जंगलच त्यांच्या हातून गेले. १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, खैर तोडणे गुन्हा ठरले. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कर्जतची माहिती येते, कारण हा तालुका तेव्हा ठाण्यात होता. कातकऱ्यांचे जंगलावर जगणे आणि त्या जगण्यावर आलेली बंधने, दोन्हीची नोंद त्यात आहे. याच काळात बाजार मात्र जवळ येत होता. कल्याणहून खोपोलीपर्यंतची रेल्वे १८५६ मध्येच सुरू झाली होती आणि वाढत्या मुंबईला जळण हवे होते. ज्यांना खैर तोडायला मनाई झाली त्यांनाच ठेकेदारांनी कोळशासाठी जंगलात नेले. फरक एवढाच की काताच्या वड्या कातकऱ्याच्या स्वतःच्या होत्या, कोळसा शेठचा होता.

कोळशाची भट्टी लावणे हे अंगमेहनतीचे काम आहे, पण ते नुसत्या अंगमेहनतीचे काम नाही. लाकडे कशी रचायची, पाला आणि माती किती जाड थापायची, हवेसाठी भोके कुठे ठेवायची आणि कधी बुजवायची, यावर सगळे अवलंबून असते. धुराचा रंग पाहून आतले लाकूड कुठवर आले आहे ते ओळखावे लागते. रात्री माती खचली आणि आत हवा शिरली तर सकाळी कोळशाऐवजी राख मिळते. हे ज्ञान कोणत्याही शेठने कोणाला दिले नाही. आईबापांबरोबर भट्टीवर वाढलेल्या पोरांनी ते पाहून उचलले. म्हणजे बाजाराला हवे असलेले कौशल्य होते आणि ते तरुण वयातच तयार होत होते. तरीही या कौशल्याला स्वतंत्र भाव कधी मिळाला नाही. भाव ठरे तो उचलीचा, आणि उचल ठरे ती पावसाळ्यातल्या गरजेवर.

ती रीत अशी. पावसाळ्यात लावणी संपली की कातकरीवाडीत काम उरत नाही. आदल्या हंगामाचे धान्य संपलेले असते, दुखणी याच दिवसांत येतात. तेव्हा मुकादम किंवा शेठ तांदूळ देतो, रोख देतो, लग्नाचा खर्च उचलतो, आणि दसरा-दिवाळीनंतर त्या बदल्यात नवराबायकोची जोडी भट्टीवर जाते. हिशेब जोडीचा धरला जातो. बाईच्या कामाचा वेगळा रुपया कुठे लिहिला जात नाही, मुलांच्या कामाचा तर प्रश्नच नसतो. भट्टीवर बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तीही उचलीत मिळवली जाते. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. वही शेठकडे असते, आणि बहुतेकदा बाकी कामकऱ्याच्या अंगावर निघते. पुढच्या वर्षी त्याच शेठकडे जायचे. दुसऱ्याकडे जायचे असेल तर त्या दुसऱ्याने आधी जुनी बाकी भरायची. ती भरली की माणूस सुटला असे होत नाही. वही तेवढी बदलते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात ही पद्धत 'लग्नगडी' या नावाने सरकारदप्तरी आली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांचा अहवाल दिला, त्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्य गहाण पडणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. कर्जत तोवर कुलाबा जिल्ह्यात गेला होता आणि ज्या अंशतः वगळलेल्या प्रदेशांची ती पाहणी होती त्यांत तो नव्हता. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरची नोंद झाली. जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या कर्जतची त्या अहवालात झाली नाही.

लग्नाच्या वेळी कर्ज सुरू व्हावे हा योगायोग नाही. त्या वयात अंगात ताकद सर्वांत जास्त असते आणि पुढे कामाची वर्षे भरपूर असतात. पैसे देणारा त्या वर्षांकडे पाहून देतो. फुटबॉलचा क्लब अठरा वर्षांच्या मुलासाठी तिशीतल्या मुरलेल्या खेळाडूपेक्षा जास्त पैसे मोजतो तो याच हिशेबाने: मुलगा आज काय करतो यापेक्षा पुढची किती वर्षे तो आपल्या कागदावर राहील आणि मध्येच विकला तर किती येतील, हे पाहिले जाते. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पक्की झाली. खेळाडूचा करार एका हंगामाचा असे, पण हंगाम संपल्यावरही त्याची नोंदणी क्लबाकडेच राही. क्लबाने सोडले नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि पगार मिळेलच याची खात्री नसे. १९०५ मध्ये आल्फ कॉमन या खेळाडूसाठी मिडल्सब्रोने संडरलंडला एक हजार पौंड दिले. तेवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती. त्याच इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातलेली होती. हजार पौंड जुन्या क्लबाला, चार पौंड खेळाडूला. भट्टीवरच्या वहीची रचना हीच आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो उघड आहे. कोट्यवधी मिळवणाऱ्या खेळाडूशी उपाशी कातकऱ्याची तुलना करणे म्हणजे कातकऱ्याच्या दुःखाची थट्टा नाही का? आजच्या एम्बाप्पेकडे पाहिले तर हा आक्षेप खरा आहे, आणि दोघांच्या हालअपेष्टा सारख्या आहेत असे मी म्हणतही नाही. पण तुलना हालांची नाही, व्यवहाराच्या बांधणीची आहे. आजचा खेळाडू श्रीमंत आहे कारण ती बांधणी मोडली गेली. १९६१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा गेली, तेव्हा ती वीस पौंडांवर होती. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत व्यवसाय-स्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन ठरवली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने ज्याँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात निर्णय दिला की करार संपल्यावर जुन्या क्लबाला शुल्क मागता येणार नाही. ब्राझीलमध्ये क्लबाकडे राहणारा खेळाडूचा 'पास' मोडणारा १९९८ चा कायदा पेलेच्या नावाने ओळखला जातो. पेले तेव्हा त्या देशाचा क्रीडामंत्री होता. त्यानंतर जो पैसा शुल्काच्या रूपाने क्लबांमध्ये फिरत होता त्याचा मोठा भाग पगाराच्या रूपाने खेळाडूकडे वळला. जाण्याची मुभा मिळाली आणि कौशल्याचा भाव पहिल्यांदा कौशल्य असणाऱ्याच्या हातात आला.

दुसरा आक्षेप कर्जत-खालापुरात आजही ऐकू येतो: उचल कोणी बळजबरीने देत नाही, कातकरी स्वतः मागायला येतो, आणि उचल घेऊन पळून जाणारेही असतात, तेव्हा जोखीम शेठचीच. पैसे बुडतात हे खरे आहे, आणि लहान वीटभट्टीवाला स्वतः व्याजाने पैसे आणून उचल वाटतो हेही खरे आहे. पण ही जोखीम कर्जाची आहे आणि तिच्यासाठी वसुलीचे मार्ग आहेत. माणसाने दुसरीकडे काम करू नये हा त्यांतला मार्ग असू शकत नाही. राहिला स्वेच्छेचा प्रश्न. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिले, आणि ते खेळाच्याच निमित्ताने दिले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू असताना मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. न्यायालयाने सांगितले की भूक आणि गरिबी माणसाला कमी मजुरीवर राबायला लावत असतील तर तीही सक्तीच आहे आणि राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात ती बसते. श्रावणात घरात तांदूळ नसताना पुढे केलेल्या उचलीला हे शब्दशः लागू पडते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हस्तांतर-शुल्क नसेल तर पोरांना शिकवणार कोण? गावातला क्लब दहा वर्षे मुलगा घडवतो आणि मोठा क्लब फुकट घेऊन जातो, हा अन्याय नाही का? आहे. पण त्याचा उपाय खेळाडूला अडकवणे हा नाही, हे फुटबॉलनेच दाखवले आहे. २००१ च्या फिफाच्या नियमांनी शिकवण्याचा मोबदला वेगळा काढला: तेविशीच्या आतल्या खेळाडूसाठी प्रशिक्षणाची भरपाई, आणि करार चालू असताना होणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय हस्तांतरातल्या रकमेचे पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटून. शिकवणाऱ्याचा हक्क मोजता येतो, देता येतो आणि त्यासाठी खेळाडूचा कागद कपाटात ठेवावा लागत नाही. ही कसोटी भट्टीला लावली की शेठच्या दाव्यात काही उरत नाही. त्याने काही शिकवलेले नसते. धूर ओळखायला शिकवले आईबापांनी, आणि पाच टक्क्यांचा हक्क कोणाचा असेल तर तो वाडीचा आहे. शेठने दिला होता तो पावसाळ्यातला तांदूळ, आणि हक्क सांगितला तो माणसावर.

बोस्मानचा निकाल एका रात्रीत लागू झाला. वेठबिगारी मोडणारा कायदा मात्र पन्नास वर्षे अपुरा पडतो आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये कायदा झाला. वेठीला बांधणारे प्रत्येक कर्ज कायद्याने संपले, ते वसूल करायला बसणारा गुन्हेगार ठरला, तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. खेळाडूला एवढे पुरले, कारण करार संपल्यावर पुढच्या करारापर्यंत जगण्याची सोय आणि पाठीशी संघटना त्याच्याकडे होती. कातकऱ्याचे कर्ज कागदावरून गेले तरी पुढचा पावसाळा तसाच राहिला. कोळसा मागे पडला, नवी मुंबईच्या आणि पुढे कर्जत-नेरळच्या बांधकामांनी विटांची मागणी वाढवली, आणि जोडी कोळशावरून विटांवर गेली. उचल तीच राहिली. आदिवासी विकास विभाग ज्याला विशेष असुरक्षित गट म्हणतो त्यांत कातकरी आहेत, पण रायगड जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र एक इंचही नाही, त्यामुळे पेसा कायद्याने ठाणे-पालघरच्या गावांना दिलेले अधिकार या वाड्यांना नाहीत. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. ज्याच्या जागेवर झोपडी त्याला नाही म्हणणे किती कठीण असते, हे सांगायला नको.

या दोन तालुक्यांत कोणता उपाय चालतो याचा दाखलाही याच मातीत आहे. कर्जतजवळ कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांमध्ये धान्यबँका उभ्या केल्या: पावसाळ्यात धान्य न्यायचे, पीक आल्यावर थोड्या वाढीसह परत करायचे, साठा वाडीचा. शेठची उचल ज्या आठवड्यांत घेतली जाते नेमक्या त्याच आठवड्यांत ही बँक उघडते, म्हणून तिला अर्थ आहे. सरकारची खावटी योजनाही त्याच गरजेसाठी आखलेली होती, आणि अशी मदत श्रावणाच्या आधी पोचली तरच उपयोगाची. १९७६ च्या कायद्याने प्रत्येक उपविभागात दक्षता समिती बसवायला सांगितले आहे. कर्जत आणि खालापूरसाठी तिची बैठक दसऱ्यानंतर, जोड्या भट्ट्यांवर निघून गेल्यावर घेऊन काही हाती लागणार नाही. ती उचल वाटली जाण्याआधी, आषाढात, वाडीवर जाऊन घ्यावी आणि जुन्या बाकीच्या वह्या तिथे मागवाव्यात.